खडूचा कडा, सागाची पट्टी

सकाळी ६.१०
कोपरखैरणे. माथाडींच्या वसाहतीतलं घर. मूळचं बैठं, आता वर एक मजला चढलेला. बाहेर पाऊस. गॅसवर दोन भांडी. एकात चहा, दुसऱ्या छोट्या पातेल्यात गव्हाचा चीक.

हा चीक उन्हाळ्यातला. कुरडयांसाठी मामींनी गहू तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, वाटले, पिळून घेतले. तळाशी बसला त्यातला वाटीभर मामांनी दरवर्षीसारखा मागून घेतला आणि उन्हात वाळवून बरणीत भरला. आज त्यातले दोन चमचे, पाचपट पाणी, मंद आच. हात थांबवायचा नाही. थांबला की गुठळी. पांढरं पाणी घट्ट होऊन पारदर्शक दिसायला लागलं, तरी मामा अजून पंधरा मिनिटं ढवळतात. मग मलमलच्या फडक्यातून गाळतात.

"मीठ नाही ना घातलंत?" मामी विचारतात. दर वेळी विचारतात.

ही खळ. पुस्तकबांधणीवाले तिच्यात मोरचूद घालतात, कसर लागू नये म्हणून. मामा आज घालणार नाहीत. आजचा कागद जुना आहे, त्याला निळा डाग परवडणार नाही.

मामांचं वय ५६. वाशीत त्यांचं फ्रेमचं दुकान आहे. मदतीला सख्खा भाचा, तो मामा म्हणतो म्हणून सगळी गल्ली मामा म्हणते. वडील पाटण तालुक्यातून मशीद बंदरला आले, माथाडी झाले. कांदा-बटाट्याचा बाजार तुर्भ्याला हलला तसं बिऱ्हाड खाडीच्या या बाजूला आलं. मामांनी मात्र पाठीवर गोणी घेतली नाही. चौदाव्या वर्षी गिरगावात एका फ्रेमवाल्याकडे लागले. पगार महिना १५० रुपये आणि दुपारचा चहा.

सकाळी ८.३०
शटर अर्धंच वर. पाऊस आत येतो.

गाळा सिडकोच्या जुन्या बांधणीचा, ९ बाय १४ फूट. भाडं २२ हजार. भिंतीवर नमुन्याचे कोपरे टांगलेत, सोनेरी, चॉकलेटी, काळे. वरच्या फळीवर स्वामी समर्थ, गजानन महाराज, बाळूमामा, सगळे तयार फ्रेममध्ये, गिऱ्हाइकाची वाट बघत. मागे कपाट. कपाटात माउंटबोर्डाचे ताव आणि एक साठचा बल्ब, जून ते सप्टेंबर दिवसरात्र चालू. बल्ब नसेल तर तावांना बाक येतो. बाक आलेला ताव कापला की त्यातली चित्राची खिडकी तिरकी दिसते. विजेचं बिल पावसाळ्यात त्यामुळे वाढतं. मामा ते बोर्डाच्या किमतीतच धरतात.

अगरबत्ती. मग टेबल पुसणं. आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्या, मग हाताच्या तळव्याने. तळव्याला कण लागला की परत.

सकाळी ९.१५
भाचा आला. रोज ७०० रुपये, शनिवारी हिशोब. बारावीनंतर वर्षभर कुरियर केलं, मग गाडी विकली आणि इकडे आला.

आजची कामं मामा पाठकोऱ्या कागदावर लिहितात. एका क्लासची चाळीस प्रशस्तिपत्रकं, साधी काळी पट्टी. सोसायटीच्या सेक्रेटरीचं सत्काराचं मानपत्र. एक लग्नाचा फोटो, काच फुटलेली. आणि नेरुळच्या चीफसाहेबांचं जुनं चित्र, संध्याकाळी सहाला.

यादी संपत नाही तोच एक तरुण दारात. हातात आईचा फोटो, बारा बाय अठरा. उद्या तेरावा.

"दुपारी या. साडेबाराला," मामा म्हणतात. किंमत सांगत नाहीत. त्यानेही विचारली नाही. यादीत हे काम सगळ्यात वर जातं.

सकाळी ९.५०
चीफसाहेबांचं चित्र टेबलावर पालथं घातलं. साहेब व्यापारी जहाजांवर चीफ इंजिनीअर होते, आता निवृत्त. हे चित्र त्यांना चोरबाजारात मिळालं, जुन्या फ्रेमसकट ८०० रुपयांना.

मागे देवदाराची पातळ फळी, गंजलेल्या चुका. मामा पकडीने एकेक चूक सरळ वर ओढतात. तिरकी ओढली तर पट्टी चिरते, आणि पट्टी टाकायची असली तरी चिरलेली त्यांना आवडत नाही. फळी निघाली. तिच्या पाठीवर काळबादेवीच्या कुठल्याशा फ्रेमवाल्याची चिकटपट्टी, टेलिफोन नंबर सहा आकडी. मामांनी ती पाण्याच्या बोटाने ओली करून सोडवली आणि बिस्किटांच्या डब्यात टाकली. डब्यात अशा बऱ्याच आहेत. कशाला जमवता, मी विचारलं तर म्हणाले, "धंद्यातली माणसं."

फळीला लागून होता तेवढा कागद तपकिरी पडलाय. फळीतल्या फटीसुद्धा कागदावर उमटल्यात. वरच्या कडेला कुणीतरी सेलोटेप लावलेली. भाच्याने केस वाळवायचं यंत्र धरलं, लांबून, मामांनी पातळ पात्याने टेप उचलली. उचलायला वीस मिनिटं. चिकट राहिलं ते क्रेप रबराच्या तुकड्याने चोळून काढलं.

मग खोडरबर. खिसणीवर खिसलेला. तो कीस चित्राच्या मोकळ्या कडांवर पसरायचा आणि बोटांच्या टोकांनी गोल गोल फिरवायचा. कीस काळा झाला की मऊ ब्रशने झाडायचा. चित्रावर मामा हात फिरवत नाहीत. तिथे नुसता ब्रश.

"ब्लीच केलं तर पांढरंशुभ्र होईल ना?" भाचा.

"होईल की. आन् चार वर्षांनी भुगा होईल."

सकाळी ११.१०
आता भिंग. दहापटीचं. आधी मामांनी लावलं, मग भाच्याला दिलं, मग मला.

चित्र ९ बाय १३ इंच. डावीकडे समुद्र, उजवीकडे कडा. वाळूवर दोन होड्या आणि माणसं, कणाएवढी. वर, लांब, कड्यावर एक ठेंगणा दीपस्तंभ. खाली इंग्रजीत नाव, बीची हेड. हा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा कडा, १६२ मीटर उंच. ब्रिटनमध्ये याहून उंच खडूचा समुद्रकडा नाही. पान कुठल्यातरी इंग्रजी साप्ताहिकातलं. मागच्या बाजूला तीन स्तंभ मजकूर आहे, त्याची अक्षरं आभाळातून थोडी दिसतात.

डोळ्यांना जे राखाडी वाटतं ते भिंगाखाली राखाडी राहत नाही. नुसत्या काळ्या रेघा आणि मधली पांढरी जागा. हे लाकडावर कोरलेलं काम आहे. लाकूड बॉक्सवूडचं. झाड सावकाश वाढतं, खोड बारीक राहतं, पण लाकूड इतकं घट्ट की बारीकात बारीक रेघ तुटत नाही. फळ्या पाडतात तसं उभं चिरायचं नाही. खोड आडवं कापायचं, वर्तुळं दिसतात ती बाजू वर घ्यायची, घासून गुळगुळीत करायची आणि टोकदार हत्याराने कोरायची. कोरलं ते कागदावर पांढरं, राखलं ते काळं. थॉमस ब्यूइक या इंग्रज कारागिराने अठराव्या शतकाच्या अखेरीला ही रीत नावारूपाला आणली. ठोकळ्याची उंची छपाईच्या खिळ्यांइतकी ठेवत. त्यामुळे मजकूर आणि चित्र शेजारी शेजारी बसवून एकाच दाबात छापता येई. १८४२ मध्ये निघालेलं 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' याच ठोकळ्यांवर चाललं. अंकाची किंमत सहा पेन्स.

म्हणजे या पानावर सगळ्यात जास्त हात चाललाय तो कड्यावर, जिथे काही नाही असं वाटतं तिथे. पांढरा डोंगर दाखवायचा तर लाकूड उकरून काढावं लागतं, दोन रेघांच्या मधलं, रेघेला धक्का न लावता. काळोखी वादळी रात्र त्या मानाने स्वस्तात पडत असणार.

"मामा, इथं घडी पडलीय," भाचा म्हणाला. समुद्रातून वरपासून खालपर्यंत एक पांढरी रेघ जाते. अगदी सरळ, बारीक.

मामांनी कागद उजेडावर धरला. मागून अंगठा फिरवला. कागदाला घडी नाही. परत भिंग. मग कड्यातही एक सापडली, तशीच सरळ. मग एक आडवी.

"घडी नाय. जोड आहे."

बरोबर ओळखलं. बॉक्सवूडचं खोड बारीक, पानभर मोठा ठोकळा एका खोडातून निघत नाही. म्हणून छोटे ठोकळे मागून बोल्टने आवळून एक मोठा करत. १८६० च्या आसपास हे रुळलं. त्यावर चित्र काढून झालं की बोल्ट सोडायचे आणि तुकडे वेगवेगळ्या कोरणाऱ्यांना वाटायचे. मुख्य कारागीर जोडावरून जाणाऱ्या रेघा आधी थोड्या कोरून ठेवी, म्हणजे पुढे दोन हातांच्या रेघा जुळाव्यात. मग रात्रभर दिव्याखाली काम. एकाच्या वाट्याला नुसतं आभाळ, दुसऱ्याच्या वाट्याला नुसत्या लाटा. सकाळी तुकडे परत आवळायचे. कोपऱ्यात सही येई ती चित्रकाराची किंवा कोरकामाच्या कारखान्याची. लाटावाल्याची नाही.

मामा जोड बघत राहिले. "जोड लपत नाय. आमचाबी नाय लपत. कमी दिसावा, एवढंच आपल्या हातात."

दुपारी १२.३०
तेराव्याचा फोटो तयार. चंदनी रंगाची पट्टी, मागे हुक दोन, कारण हार जड असतो. तरुण वेळेवर आला. ६५० रुपयांचं काम, मामांनी ५०० घेतले. फोटो प्लास्टिकमध्ये गुंडाळून दिला, वर एक जास्तीचा वेढा, पावसासाठी.

दुपारी १.४०
जेवण. भाकरी, शेवग्याची भाजी, मामींनी मीठ घातलेली एक कुरडई. डबे टेबलापासून लांब, शटरजवळ. तेलाचा हात टेबलावर चालत नाही. भाचा खाली जाऊन दोन कटिंग घेऊन आला, २४ रुपये.

दुपारी २.१५
माउंट. कपाटातून आम्लविरहित बोर्डाचा ताव निघाला. याचा भाव ६५०. साधा ताव ९० ला मिळतो, पण साध्यातलं आम्ल कागदात उतरतं आणि वीस वर्षांत परत त्या फळीसारखाच तपकिरी चौकोन. मामांनी हे साहेबांना मागच्या आठवड्यात सांगितलं, तेव्हा साहेबांनी हिशोब केला होता, वीस वर्षांनी मी ब्याण्णव. तरी आम्लविरहितच घ्या म्हणाले.

मोजमाप. खिडकी १० बाय १४, म्हणजे चित्राभोवती कागद थोडा दिसेल आणि खालचं नावही. वर आणि बाजूंना तीन इंच, खाली साडेतीन. सगळीकडे सारखं ठेवलं तर चित्र खाली घसरल्यासारखं वाटतं. बाहेरचं माप साडेसोळा बाय वीस.

बोर्ड पालथा. पेन्सिलीच्या रेघा. कटरचं पातं ४५ अंशांत तिरकं. दर माउंटला नवं पातं, एक पातं ८ रुपये. मामा श्वास सोडतात आणि ओढतात. एक काप, एका दमात. चौथा काप संपला की मधला तुकडा आपोआप खाली पडला पाहिजे. पडला. कोपऱ्यात एक तंतू अडकलेला, तो दाढीच्या पात्याने सोडवला.

भाचा तोवर प्रशस्तिपत्रकांवर आहे. चौदा झाली.

दुपारी ३.२५
वीज गेली. पंखा थांबला, कपाटातला बल्बही. काच कापायला वीज लागत नाही, म्हणून मामांनी काच घेतली.

दोन मिलिमीटरची. कटरचं चाक रॉकेलमध्ये बुडवलेलं. पट्टीला धरून एकच ओढ. आवाज सारखा यायला हवा. मध्ये खरखर थांबली तर तिथे काच भलतीकडे फुटते. मग टेबलाच्या कडेला धरून हलका दाब, टक्. दोन्ही बाजू नीट. चित्र काचेला टेकू द्यायचं नाही, मध्ये माउंटची जाडी हवीच. इथल्या दमट हवेत टेकलेला कागद काचेला चिकटतो. मग तो सोडवायला आलेल्या गिऱ्हाइकाला मामा सरळ नाही म्हणतात.

दुपारी ४.००
वीज आली. पट्टी.

साहेबांनी साग निवडलाय, दीड इंची, पॉलिश हलकं. फूट १३० रुपये. सिंथेटिक पट्टी साठला मिळते आणि नव्वद टक्के गिऱ्हाईक तीच नेतं. तिला वाळवी लागत नाही, रंग जात नाही, ती वाकत नाही. मामा तिची निंदा करत नाहीत. तीच घर चालवते.

चार तुकडे. कोपऱ्यांचे तिरके काप धरले तर सात फुटांवर लागतं, हिशोबात आठ. कापल्यावर समोरासमोरचे दोन तुकडे पाठीला पाठ लावून उभे करायचे आणि डोक्यावर नख फिरवायचं. नख अडखळलं तर एक मोठा आहे. अडखळलं. मामांनी मशीनवर कागदाच्या जाडीएवढं छिलून घेतलं. परत नख. ठीक.

फेव्हिकॉल, शिकंजा, मागून खिळपट्टी. कोपऱ्यात जोडाची बारीक फट राहिली, ती लांबीने भरली. लांबी मामा घरचीच वापरतात. खडूची पूड, अळशीचं तेल, चिमूटभर गेरू, सागाच्या रंगाला. बोटाने दाबून, फडक्याने पुसून.

"म्हणजे हा डोंगरच की," भाचा म्हणाला, चित्राकडे हनुवटी करून. पूड तो शंभर रुपये किलोने आणतो.

इथे एक सांगायला हवं. तो कडा समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळांच्या कवचांचा आहे, साधारण नऊ कोटी वर्षांपूर्वी तळाशी साचलेल्या. गाळ्याबाहेर दोन पावलं गेलं की पावसातून पारसिकचा डोंगर दिसतो. तो लाव्हाचा, काळा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. अर्धी नवी मुंबई त्याच्या खडीवर उभी आहे, आणि पलीकडे उलव्याला विमानतळासाठी त्याच जातीचा अख्खा डोंगर उतरवला. या किनाऱ्यावर पांढरा कडा बघायला मिळतो तो असा, काचेमागे.

संध्याकाळी ५.१०
आता सकाळची खळ. झाकण काढलं, वास घेतला. आंबलेली नाही.

जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, कापून नाही, ओल्या ब्रशने रेघ ओढून फाडलेल्या, म्हणजे कडेला तंतू राहतात. पट्टीच्या टोकाला खळीचा पुसट हात. चित्राच्या पाठीवर वरच्या कडेला एक डावीकडे, एक उजवीकडे. बाकी कागद मोकळा. पावसाळ्यात तो फुगेल, उन्हाळ्यात आकसेल, त्याला जागा हवी. वर टिपकागद, काचेचा तुकडा आणि वजन म्हणून एक जुनी इस्त्री. वीस मिनिटं.

"आख्खं चिकटवलं तर सपाट बसंल की," भाचा.

"आन् उद्या कुणाला काढायचं झालं तर? पाण्याच्या हाताने ही पट्टी सुटते."

माउंट, चित्र, मागे परत आम्लविरहित बोर्ड, मग हार्डबोर्ड, चुका, कडेने कागदी टेप. मामांनी काच आतून शेवटची पुसली. एक केस दिसला. सगळं परत उघडलं.

संध्याकाळी ६.२०
चीफसाहेब आले. छत्री बाहेर ठेवली. चित्र खुर्चीवर उभं केलेलं, ते समोर वाकले.

"इंग्लिश चॅनलमधून जाताना दुर्बिणीतून दिसायचं हे. खाली समुद्रात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा दीपस्तंभ आहे. यात नाहीये बघा."

"कोरायचा राहिला असंल," भाचा.

"राहिला नाही रे. तो १९०२ चा. चित्र त्याच्या आधीचं." मग कड्यावरच्या ठेंगण्या दीपस्तंभावर बोट, काचेपासून जपून लांब. "हा १८३४ पासूनचा. कडा ढासळत ढासळत याच्या पायाशी आला. १९९९ साली अख्खी इमारत उचलून १७ मीटर मागे सरकवली त्यांनी. जॅक लावून, तुळयांवरून."

"अख्खी? दगडी?"

"दगडी."

भाच्याने परत भिंग घेतलं.

हिशोब. पट्टी १०४०, काच १८०, बोर्ड ६५०, मागचा हार्डबोर्ड, हुक, टेप मिळून १२०, मजुरी ५००. एकूण २४९०.

"चित्र आठशेचं मामा, आणि फ्रेम अडीच हजारांची," साहेब हसले.

"चोवीसशे द्या. आन् बाल्कनीसमोर लावू नका. ऊन नको, बाहेरची भिंत नको. पावसाळ्यात बाहेरची भिंत घाम सोडते."

साहेबांनी हजार आधी दिले होते, बाकीचे फोनवरून पाठवले. यंत्राने रक्कम मोठ्याने सांगितली. ते रिक्षा बघायला गेले, भाचा फ्रेम छातीशी धरून मागे.

संध्याकाळी ७.३०
प्रशस्तिपत्रकं एकतीसवर थांबलीत. लग्नाच्या फोटोला काच बसली, मानपत्र उद्यावर. मामांनी कात्रणं गोळा केली. पट्टीचे तुकडे एका पोत्यात, ते पोस्टकार्डाच्या फ्रेमना चालतात. खिडकीतून पडलेला १० बाय १४ चा बोर्ड कपाटात, बल्बशेजारी.

शटर खाली ओढायला हात वर गेला आणि तीन पोरं आली. गळ्यात रुमाल, मोबाईलवर एका स्थानिक नेत्याचा फोटो. उद्या वाढदिवस. चोवीस बाय छत्तीस, सोनेरी पट्टी, रुंद. सकाळी नऊला.

"सोनेरी तीन इंची संपलीय. दोन इंची आहे."

"मोठी दिसली पाहिजे मामा."

मामांनी पट्टीवाल्याला फोन लावला. तो तुर्भ्याला, गोदाम आठपर्यंत उघडं. भाच्याने हेल्मेट उचललं.

"अकराला देतो. छपाई धरून बत्तीसशे. अर्धे आत्ता."

"दहाला करा."

"साडेदहा. आन् फोटो व्हॉट्सॲपवर नको, मेल करा. फाटतो."